जुना नंबर

केबिनमधला फोन वाजत नव्हता, म्हणून वामनरावांनी तो पुन्हा उचलून कानाला लावला. आत घूंऽऽ असा आवाज होता. म्हणजे फोन चालू होता.

"घडीघडी काहून उचलून राहिले जी?" बाकावरून सुभद्रा म्हणाली. "तेवढ्यातच तिकडून आला तं?"

वामनरावांनी घाईघाईने रिसीव्हर खाली ठेवला. वाडीतल्या या ट्रान्सपोर्ट कंपनीचे ते मुनीम. हमालांपासून मालकांपर्यंत कोणालाही धारेवर धरणारा माणूस. पण सकाळच्या एसटीने उमरेडहून आलेल्या या बाईपुढे त्यांची बोलती बंद झाली होती. तिचा नवरा शालिकराम कंपनीचा ड्रायव्हर. परवा लखनादौनच्या पुढे त्याचा ट्रक उलटला, डोक्याला मार बसला आणि तेव्हापासून तो जबलपूरच्या दवाखान्यात बेशुद्ध पडला होता. "शुद्धीवर आला तरी फोन करतो, नाही आला तरी करतो," असं कंपनीचा तिथला एजंट काल म्हणाला होता. त्यातलं दुसरं वामनरावांनी सुभद्राला सांगितलं नव्हतं. तिला ते न सांगताच कळलं असावं. तिच्यापुढचा चहा केव्हाच साय धरून बसला होता.

दुपार कलली तसं वामनरावांना राहवेना. त्यांनी ट्रंक बुकिंगला फोन लावला. तिथे बाहेरगावचे कॉल जोडून देणाऱ्या शोभाताईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण रोज भांडून भांडून आवाजाची चांगली ओळख झाली होती.

"जबलपूरचा कॉल ना? अहो, केव्हाची लावतेय मी तुम्हाला!" शोभाताई उलट त्यांच्यावरच तापल्या. "नो रिप्लाय, नो रिप्लाय. उचलायला काय होतं हो तुम्हाला?"

"मी सकाळपासून फोनच्या उरावर बसून आहो!"

"मग उचलत का नाही?"

"वाजला तर उचलीन ना बाई!"

मग शोभाताईंचा आवाज एकदम बदलला. "थांबा. तुम्ही आत्ता माझ्याशी बोलताय. मग तुमचा नंबर मला एंगेज लागायला हवा. आणि इथे तर रिंग जातेय. तुमच्याकडे दुसरा फोन आहे का?"

वामनरावांनी कपाळावर हात मारून घेतला. केबिन बांधली, तिच्यासाठी नवा नंबर आला, तेव्हा जुना फोन मागच्या गोदामात नेऊन ठेवला होता. मधल्या आवारात दिवसभर ट्रक घरघरत उभे. त्यात तो काय कोणाला ऐकू येणार!

"शोभाताई, तिथं कुलूप आहे. तो कॉल या नंबरवर द्या."

"तसा नाही देता येत. बुकिंग त्या नंबरचं आहे, तिकडून बदलून मिळालं पाहिजे. मी जबलपूरला विचारते."

"विचारा. पण तोवर तो बंद नका करू."

"नाही करत. वाजू देते. तुम्ही पळा!"

वामनराव धोतर सावरत आवारात धावले. मागोमाग सुभद्रा. "बंद करा रे इंजिनं! सगळी बंद करा!" ते ओरडले. मुनीमाचं तोंड पाहून ड्रायव्हरांनी पटापट किल्ल्या फिरवल्या. आवार गप्प झालं, आणि गोदामाच्या शटरमागून फोनची घंटा स्पष्ट ऐकू आली.

किल्ली गोदामवाल्या मारोतरावांजवळ, आणि मारोतराव जेवायला घरी गेलेले. एका हमालाला सायकलवर पिटाळलं. आता वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सुभद्रा शटरपासून चांगली दूर उभी राहिली. आत जे काही होतं ते तिला ऐकायचंही होतं आणि अजिबात ऐकायचं नव्हतं. घंटा थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. दर वेळी तिचा हात गळ्यातल्या पोतीकडे जायचा.

"मुनीमजी," ती हळूच म्हणाली, "इथला नंबर तिकडं कोनं देल्ला? एजंटनं?"

"एजंट काय देईन!" वामनरावांना राग काढायला जागाच हवी होती. "तो आत्ता दिवाळीनंतर लागला. त्याले नवाच मालूम. जुना आता कोणत्या कागदावरही नाही. हे ड्रायव्हर लोक तेवढे त्याले धरून बसले आहेत. किती डोकं फोडलं, नवा पाठ करा, नवा पाठ करा! अन् तुमचा शालिकराम तर सगळ्यात..."

ते मध्येच थांबले.

सुभद्रा त्यांच्याकडे पाहत होती. "जबलपूरले आपला दुसरा कोनी ड्रायव्हर गेला हाये का?"

वामनरावांनी आवारात नजर फिरवली. जबलपूरच्या रस्त्यावर चालणारे सगळे ड्रायव्हर त्यांच्यासमोर, आपापल्या ट्रकला टेकून उभे होते. म्हातारा चंपतराव कानातली विडी काढून हातात धरून होता. त्याने नुसती मान हलवली.

"कोणीच नाही वं माय," वामनराव म्हणाले. "दुसरं कोणीच नाही."

आत घंटा पुन्हा सुरू झाली.

सुभद्रा पुढे झाली. तिचा पदर डोक्यावरून घसरला, तो तिने सावरला नाही. तिने दोन्ही तळवे शटरवर टेकले आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात, रडत, हसत नवऱ्यावर खेकसली,

"आयकू आलं जी, आयकू आलं! जरासाक दम धरा, चाबी येऊन राहिली!"