चावडीवरची नोटीस

“सूनबाई, चावडीवरचे कागद वाचत जा, मोबाइलात सगळं येत नाही,” कोतवाल कोंडिबानाना बजावायचे. पदवीधर रेवती ते हसण्यावारी न्यायची.

आज दाखल्यासाठी थांबली असताना तिनं फळ्यावरची नोटीस वाचली. थोरल्या जाऊबाई, शेवंताबाई, मयत. त्यांचं माहेरचं शेत पतीच्या नावे होणार. हरकतीची मुदत आजच संपत होती.

“नाना, मयत कशा? मघाशीच मळ्यातल्या घरी त्यांनी माझ्या बाळाला काजळ लावलं!”

तिनं लगेच जाऊबाईंना फोन लावला. “अहो, कुऱ्हाड ठेवा ती!” जाऊबाई किंचाळल्या. मग धप्पकन आवाज झाला आणि फोन कट.

कडेवरचं बाळ नानांकडे देऊन रेवती मळ्याकडे धावत सुटली. धावतानाच तिनं गावच्या ग्रुपवर लिहिलं, “शेवंताबाई जिवंत आहेत. हे वाचणाऱ्यांनो, आधी मळ्यातल्या घराचं दार फोडून त्यांना बघा.”