कोरडी बांधी

सकाळपासून ही पोट्टी फुलस्केप कागदासमोर बसली होती आणि पेनाचं टोपण चावून चावून तिनं चपटं केलं होतं. ना गाईला पाणी दाखवलं, ना चुलीतली राख काढली. चार ओळी लिहायच्या, कागद चुरगाळायचा आणि कोपऱ्यात भिरकावायचा. नातीची ही तऱ्हा सत्यभामाबाईंना कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून खटकत होती. कालच त्यांनी पोराला, तेजरामला, बजावून सांगितलं होतं: दिवाळीनंतर हिचं भंडाऱ्याचं कॉलेज बंद, स्थळं पाहायला लाग.

"शकुंतले, कागद काय झाडाले लागते का वं?"

"सरानं निबंद वापस केला, आजी. उद्या नाही देल्ला तं परीक्षेचा फारम भरू देत नाही म्हणे."

"वाच. आयकू दे काय लिवलं तं."

शकुंतलेनं वाचलं. खेड्यातील मुली शाळा का सोडतात: कारणे आणि परिणाम. दारिद्र्य. अज्ञान. शाळेचे दूरचे अंतर. जुन्या रूढी. परिणामी समाजाची प्रगती खुंटते. खाली सरांची लाल शाई होती: 'कोणाच्या घरी? कसे? त्यातून पुढे काय घडले?'

सत्यभामाबाई शिकल्या होत्या दुसरी. पण आंधळगावात त्यांना न कळणारी गोष्ट अजून निघायची होती.

"धानाची शेवटची बांधी कोरडी पडली तं तू काय करशीन? आभाळाले शिव्या देशीन?" त्या म्हणाल्या. "कोरड्या बांधीपासून मातीच्या धुऱ्याधुऱ्यानं वर चालाचं. जिथून पाणी पळून राहिलं तिथं वाकाचं. खेकड्याचं बीळ रायते तिथं. त्यात हात घालाचा."

"अन् खेकडा चावला तं?"

"चावतेच. म्हून तं तुह्यासारखे हात न घालता 'दारिद्र्य' लिवतेत."

शकुंतलेनं पुन्हा टोपण तोंडात घातलं. सत्यभामाबाई ओसरीतल्या खाटेवर कलंडल्या. भिंतीवर ब्याऐंशी सालचं कॅलेंडर वाऱ्यानं उचलत होतं, पडत होतं. घरामागं धान फुलोऱ्यात होतं. त्याचा दुधासारखा वास ओसरीत येऊन पापण्यांवर बसला.

त्या दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चालत होत्या. पायांना वजन नव्हतं. शेवटच्या बांधीत चिखल भेगाळला होता आणि धानाच्या जागी पोस्टकार्डं उभी होती. सगळी रुखमाची, त्यांच्या लेकीची, आंबागडहून आलेली. सगळ्यांवर एकच अक्षर, तिच्या शेजारणीच्या पोराचं. इकडील सर्व खुशाल, तिकडील कळवावे. इतकी वर्षं लेकीची पत्रं येत होती आणि लेकीचा एक शब्द आला नव्हता.

त्या वर चढल्या. पुढच्या बांधीत रुखमा ओणवी होऊन पाण्यात अंगठा धूत होती. शाई निघत नव्हती. तिनं मान वर केली, आईला ओळखलं नाही, पुन्हा धुऊ लागली.

आणखी वर गेल्या. तिथं पाण्याखाली हीच ओसरी होती, स्वच्छ दिसत होती. माणसं बसली होती. सत्यभामाबाई एकेका अक्षराखाली बोट धरून चिठ्ठी वाचत होत्या. नऊ वर्षांच्या रुखमानं मागून येऊन चिठ्ठी ओढली आणि एका दमात वाचून टाकली. माणसं हसली. शेजारच्या कृष्णरावांनी तर मांडीवर थाप मारली: "बाई, पोट्टीनं मागं टाकलं तुमाले!" मग कुणीतरी एक दप्तर उचलून माळ्यावर टाकलं. आणि धुऱ्यातून पाणी सुटल्याचा आवाज आला, बारीक, सारखा.

त्या बसल्या. कोपरापर्यंत हात बिळात घातला. आत खेकडा नव्हता, नुसतं गार पाणी बोटांतून निघून जात होतं. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीत एक पाऊल उमटलं होतं. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं.

डोळे उघडले तेव्हा ऊन उंबरठ्यापर्यंत आलं होतं. खाटेच्या टोकाला त्यांचा स्वतःचा पाय होता. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. सत्यभामाबाई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"आजी, कोणाच्या घरचं लिवू?"

"आपल्याच."

"आपल्या घरी कोणं सोडली शाळा?"

"तुह्या आत्यानं."

"आत्याले शाळा आवडतच नव्हती म्हून सोडली. तूच तं सांगतलं."

"मीच सांगतलं." सत्यभामाबाई उठून बसल्या. "शाळा घराच्या कुपाले लागून, कोठीत धान मावत नव्हतं. अंतर खोड. दारिद्र्य खोड. लिव: पोट्टीनं माईच्या हातची चिठ्ठी घेऊन माईपेक्षा भरभर वाचली. चार लोक हासले. दुसऱ्या दिवशी माईनं दप्तर माळ्यावर टाकलं."

पेन थांबलं. "माई म्हणजे..."

"नाव लिव. सत्यभामा."

"आजी, सर वर्गात वाचून दाखवतेत."

"चावलं मले. तू काहून हात मांगं घेऊन राहिली?"

शकुंतला लिहीत गेली. या वेळी कागद चुरगाळला नाही. पानाच्या तळाशी येऊन तिनं विचारलं, "अन् परिणाम? परिणाम काय लिवू?"

सत्यभामाबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"एक परिणाम शिकलेलं इसरून आंबागडले बसून दुसऱ्याच्या हातानं पोस्टकारड लिवून घेऊन राहिला. अन् एक सकाळपासून माह्यासमोर बसून टोपण चावून राहिला, चुलीतली राखही न काढता. आळशी हाये, भित्रा हाये. पण तो उद्या आठच्या यष्टीनं भंडाऱ्याले जाईन. अन् दिवाळीनंतरही जाईन."