पाण्यावरची रेघ

"डुबुक!" दुपारच्या शांततेत साबणाची डबी टबात पडली. लेकीने डबीत कपड्यांचे दोन चिमटे बसवले, पुढे आई, मागे बाबा.

"आता तुम्ही शर्यत हरलात ती गोष्ट सांग!"

बाथरूमबाहेर बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने आईने सुरू केलं. "वल्हवताना आमची तोंडं उलट्या दिशेला आणि होडी पळते पाठीकडे. म्हणून मागच्याने मान वळवून होडी कुठे चाललीय ते बघायचं असतं. पण तुझे बाबा वळले तर शपथ! सगळी शर्यत माझ्या वेणीकडे बघत बसले. पहिले होतो गं आम्ही! होडी घुसली शेजारच्यांच्या पट्ट्यात, झालो बाद. माझं सुवर्णपदक घालवलं यांनी."

"मान्य, मान्य! गुन्हेगार हजर आहे," बाबा बाहेरून ओरडले.

लेकीने डबी ढकलली. ती तिरकी गेली आणि पाण्यावर वाकडी रेघ उमटली. पुढच्या चिमट्याचं तोंड नेमकं त्या रेघेकडे होतं.

 

"पण आई, शर्यतीत होडीची रेघ वाकडी होताना तुला तर समोरच दिसत होती ना? मग तू का नाही ओरडलीस?"