तुकोजीरावांच्या मांडीतली गोळी

"शरीर में कोई धातु? प्लेट, स्क्रू, पेसमेकर?" काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म भरता भरता विचारलं.

"गोली है," समरजीत छाती काढून म्हणाला. "इकहत्तर की लड़ाई की. दादाजी की दाहिनी जाँघ में."

मुलीचं पेन थांबलं. रांगेतल्या माना वळल्या. एकानं तर उठून तुकोजीरावांना खुर्ची दिली. तुकोजीराव खुर्चीत बसले आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

कारण गोळी नव्हतीच हो! एकाहत्तरला ते फौजेत होते हे खरं, पण सरहद्दीपासून लांब, रसदीच्या कोठारात. तिथे बटाट्यांच्या ट्रकवरून उतरताना पाय घसरला आणि फाळक्याच्या सळईनं मांडी फाडली. सुट्टीवर घरी आले तेव्हा हजिरा भागातल्या आपल्या गल्लीत कुणीतरी विचारलं, "काय राव, गोळी लागली?" घराणं पिढ्यान्‌पिढ्या तलवार गाजवणाऱ्यांचं. बटाटे सांगायला जीभ काही रेटेना. ते नुसते हसले. बाकी सगळं गल्लीनं केलं. गोळी काढता आली नाही, आतच राहिली, हेसुद्धा गल्लीनंच ठरवलं. तुकोजीरावांनी आपलं लंगडणं तेवढं जरा वाढवलं. त्या पायाच्या गोष्टी ऐकत समरजीत मोठा झाला, आणि पुढच्या महिन्यात तो अफसर व्हायला देहरादूनला निघाला होता.

"गोळी असेल तर एमआरआय नाही," डॉक्टर अपर्णा म्हणाल्या. फूलबागेजवळचं हे नवं सेंटर त्यांचंच. "ते मशीन म्हणजे भलंमोठं लोहचुंबक आहे, काका. आतली गोळी ओढली जाईल."

पण पाठीनं जीव नकोसा केला होता. दिवाळीपासून तुकोजीरावांना पाटावर बसून जेवता येत नव्हतं. समरजीत पाणी आणायला गेला तेवढ्यात त्यांनी हात जोडले. "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. गोळी नाहीये. बिनधास्त घाला मला त्या मशीनमध्ये."

अपर्णाबाई हसल्या. "तपासणी व्हावी म्हणून लोक पेसमेकरसुद्धा लपवतात, काका. अशानं मी ऐकत नसते. एक्स-रे काढू, काय ते दिसेल."

एक्स-रेत मांडी स्वच्छ निघाली. झालं, आता अब्रूचं खोबरं, असं म्हणत तुकोजीरावांनी डोळे मिटून घेतले.

"मांडीत नाही," अपर्णाबाई समरजीतला सांगत होत्या. "पन्नास वर्षांत सरकली असेल. पण काळजी नको, शोधायला आता खूप साधनं आहेत. पोटाचा सीटी करून घेऊ."

सीटीतही गोळी दिसली नाही. दिसली ती डाव्या मूत्रपिंडावर सुपारीएवढी गाठ, आणि ती कर्करोगाची निघाली. मग गोळी कुणाला आठवते आणि पाठ कुणाला! तीन आठवड्यांच्या आत मोठ्या दवाखान्यात, रोबोटच्या हातांनी, चार भोकांतून गाठ निघालीसुद्धा. सर्जननं पाठ थोपटली. "फार लवकर सापडली म्हणून वाचलात. पाठदुखीसाठी पोट कोण बघतं?"

घरी रीघ लागली. देशासाठी खाल्लेली गोळी शेवटी कामी आली, असं जो तो म्हणाला. सुलोचनाबाईंनी नवऱ्याची दृष्ट काढली, देवीला नारळ ठेवला. कुणी हार आणला, कुणी पेढे. तुकोजीराव पेढा खात होते आणि मनातून मेल्याहून मेले होत होते. ज्या खोट्याची आयुष्यभर लाज वाटली, त्याच खोट्यानं जीव वाचवला होता. आता ते कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगायचं?

पाठ मात्र तशीच दुखत होती. गाठीचा आणि तिचा काही संबंधच नव्हता. समरजीत देहरादूनला निघायच्या आदल्या दिवशी आजोबांना घेऊन पुन्हा त्याच काउंटरवर उभा राहिला.

मुलीनं स्क्रीन पाहिली. "अंकल, आपका एमआरआय नहीं होगा. इसमें लिखा है, शरीर में गोली. नहीं मिली, खोज बाकी."

"नहीं मिली ना? मग झालं की!"

"नहीं मिली, मतलब अंदर ही कहीं होगी ना, अंकल."

तुकोजीरावांच्या पाठीतून कळ गेली आणि आयुष्यभराचा धीर सुटला. टेबलाला धरून ते उभे राहिले. भरल्या हॉलमध्ये, नातवाच्या देखत ओरडले, "गोळी नाही! कधीच नव्हती! मी लढलोच नाही. बटाट्याच्या ट्रकवरून पडलो मी, ऐकलंत? बटाट्याच्या!"

तुकोजीरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आता नातू थुंकला तरी चालेल, असं त्यांना वाटलं. समरजीतकडे बघायची हिंमत तेवढी होईना.

समरजीत जवळ आला. त्यानं आजोबांना अलगद धरून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकले. त्याचे डोळे भरले होते.

"आजोबा," तो म्हणाला, "पाठ कितीही दुखू दे. पण तुमच्यासारख्या माणसानं असं खोटं बोलायचं नाही."