पथकाचा म्होरक्या

गावाच्या तिन्ही बाजूंनी धरणाचं पाणी. बेळगावहून बंब येईपर्यंत घराची राख व्हायची, म्हणून गावानंच आग विझवायचं पथक केलेलं. वीस वर्षं रवळू त्याचा म्होरक्या होता. यंदा गावानं महादेवला नेमलं, तेव्हापासून रवळूनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

भर दुपारी महादेवचंच घर पेटलं. तो शेतातून धावत येईपर्यंत रवळूनं त्याच्या आईला आतून उचलून आणलं होतं. महादेव रडत त्याच्या पाया पडला.

घरी रवळूच्या भाजलेल्या हाताला मलम लावताना बायको मालुबाई म्हणाली, "लई मोठं मन हाय तुमचं."

"मन कसलं गं," रवळू खाली बघत म्हणाला. "त्याच्या आधी आपुन आग इझवायची, एवढंच डोक्यात हुतं. म्हातारी हाय हे आत गेल्यावर दिसलं."