कुलपातला गेटपास

"तुम्ही हापिसवाला मन्ही गाडीमधली पिल्ले मारी ऱ्हायनात!" ड्रायव्हर उखा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ममताच्या टेबलावर हात आपटून ओरडला. नवापूरच्या त्या हॅचरीच्या गेटवर, भर उन्हात, एका दिवसाच्या पिल्लांची खोकी भरलेला त्याचा ट्रक अडकला होता. गेटचा प्रिंटर पास देत नव्हता, आणि छापील पासशिवाय गेट उघडायचं नाही, हा साहेबांचा हुकूम.

सर्व्हर मात्र पास छापला म्हणून सांगत होता. ममताने प्रिंटर बंद-चालू करून पाहिला. शेवटी चिडून त्याची वायरच उपटली आणि सर्व्हरवरून त्याच्या नेटवर्कवरच्या नंबरला हाक मारली. वायर हातात, तरी उत्तर आलं!

"ताई, भूत शे का काय यामा?"

म्हणजे त्याच नंबरावर दुसरंच यंत्र बोलत होतं! ममता साहेबांच्या केबिनकडे धावली. साहेबांनी काल स्वतःच्या हौसेने नवा प्रिंटर जोडला होता, त्याला नंबर दिला होता गेटच्या प्रिंटरचाच. काचेतून दिसलं, उखाचा पास त्याच्या ट्रेमध्ये पडला होता. दाराला कुलूप. चावी साहेबांच्या खिशात, साहेब सुरतेत. दुसरा पास काढायचा अधिकारही त्यांचाच.

तिने फोन लावून सगळं सांगितलं.

"संध्याकाळी आल्यावर बघू," साहेब म्हणाले. "आणि कुलपाला हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस."

ममताने फोन स्पीकरवर टाकून उखासमोर धरला.

"पिल्लं मेली तरी चालतील, हे उखाभाऊंना तुमच्या तोंडाने सांगा. नाहीतर मी कुलूप तोडते. बोला, साहेब!"