तिजेचं पाणी

काठमांडूतल्या छोट्या थेटरात माजी प्रधानमंत्री खिलनाथांच्या आयुष्यावरचा सिनेमा आधी घरच्यांना दाखवत होते. पडद्यावरचा खिलनाथ तिजेच्या दिवशी सभा अर्धवट सोडून घरी धावला आणि निळ्या खिडकीपाशी त्याच्यासाठी निर्जळी उपास धरून बसलेल्या बायकोला त्यानं आपल्या हातानं पाणी पाजलं.

खऱ्या बायकोच्या, पवित्राच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं दर तिजेला नवरा पक्षाच्या कामासाठी दूर धरान शहरात, आणि ही त्याच्या फोटोसमोर उपास सोडणार. कालची ही नटी मात्र एका घोटात सगळं घेऊन गेली!

"काय रे नवराज," तिनं शेजारच्या दिग्दर्शकाला झापलं, "नेत्याचा घरावरही जीव होता हे दाखवायला एवढी मोठी थाप?"

"थाप कशी, आमा?" तो गोंधळला. "साहेबांनीच सांगितलं. पितळी लोटा, खिडकीचा निळा रंग, सगळं. सांगताना डोळे भरून आले होते त्यांचे."



पवित्राच्या घराच्या सगळ्या खिडक्या लग्नापासून हिरव्याच होत्या.